पाहुण्यांचे कपडे

प्रिय बाळ्या,

प्रिय लिहिलंय ते सवयीने. खरं तर तुझ्यावर मी इतकी वैतागले आहे की नुसतं 'ए' लिहून सुरुवात करणार होते. फोन केला की तुझी बायको उचलते. तू एकतर सरावाला गेलेला असतोस, नाहीतर झोपलेला असतोस. सकाळी झोपलेला, दुपारी झोपलेला, सुट्टीच्या दिवशी तर विचारूच नये. गोलकीपर आहेस की तान्हं बाळ? ती बिचारी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसते आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. लहानपणी तुला खोकला झाला की छाती चोळून द्यायला मीच असायचे, तो खोकला मला ओळखू येणार नाही होय? म्हणून शेवटी पत्र. पत्राला कुणी 'झोपलेत' म्हणून सांगू शकत नाही.

पण हे मी आपणहून लिहायला बसले असं समजू नकोस. क्लबच्या चिटणीसांनी लिहायला लावलंय. का ते सांगते, पण आधी माझी गाऱ्हाणी ऐकून घे, कारण अख्खा हंगाम ती साठवून ठेवली आहेत. स्टँडखालच्या धुलाईघरात बसले आहे. मोठं मशीन फिरतंय, त्याचा एक पाय आखूड झालाय, त्याखाली पुठ्ठा कोंबलाय, तरी ते थडाथडा उडतंय आणि त्याच्याबरोबर माझं अक्षरही. नवीन मशीन घ्या म्हणून चिटणीसांच्या मागे लागून लागून मी थकले. आता तर तो विषयच संपला. रविवारी हंगामाची शेवटची मॅच, आणि तुमचा क्लब इथे येतोय. तुम्हाला बरोबरी झाली तरी विजेतेपद. आम्हाला जिंकल्याशिवाय इलाज नाही, नाहीतर खालच्या गटात रवानगी. आणि खालच्या गटात गेलो तर धुलाईघर बंद करायचं आणि संघाची बस विकायची, असं कमिटीने ठरवून टाकलंय. म्हणजे माझंही काम गेलं आणि बस चालवणाऱ्या तुझ्या भाऊजींचंही. एका घरातली दोन्ही माणसं एकाच मॅचला टांगलेली. असं कुणी करतं का? आम्ही केलं.

या हंगामाला काय म्हणावं तेच कळत नाही. सुरुवातीला महासंघाने सांगितलं, तळाचे दोन संघ खाली जातील. मध्यावर म्हणाले तीन. आता म्हणतात एकच. आमचे चिटणीस रोज सकाळी पेपर उघडून बघतात, रविवारच्या आत 'कुणीच नाही' असं काही होतंय का. आम्ही कोचही तीन करून बघितले. पहिल्याच्या बायकोची बदली झाली आणि तो तिच्या मागोमाग निघून गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, संसार आधी. दुसऱ्याचं म्हणणं, मॅचच्या आधी खेळाडूंनी तासभर झोप काढली पाहिजे. ते झोपायचे, आणि पहिला अर्धा भाग झोपेतच खेळायचे. तिसरा म्हणजे चिटणीसांचा मेहुणा. त्याच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण हे पत्र चिटणीस फोडून वाचतील अशी मला दाट शंका आहे. वाचत असाल तर वाचा साहेब, तुमच्या मेहुण्याला ऑफसाइड कळत नाही. कॅप्टन आपला तोच, वायरिंगची कामं करणारा. सरावाच्या मध्येच कुणाकडचे दिवे गेले की हा बूट घालूनच निघाला. तरी खेळतो जीव तोडून, हे मात्र म्हटलं पाहिजे. त्याच्या चड्डीचा चिखल काढताना माझे हात सोलवटतात, आणि आपला तो देखणा विंगर, त्याची चड्डी मी न धुताच घडी घालून ठेवली तरी कुणाला कळणार नाही.

आता ज्या विषयासाठी तू झोपेचं सोंग घेतोस त्या विषयाकडे येते. राजधानीच्या स्टेडियमचं छत गळायला लागलं आणि देशाच्या संघाची पात्रता फेरीची ती मॅच आपल्या मैदानावर आली. त्या आठवड्यात गावाला नुसतं भूत लागलं होतं. गोलपोस्टना रंग दिला, तो मॅचपर्यंत वाळला नाही. चिटणीसांनी नवे बूट घेतले आणि ते चावले म्हणून राष्ट्रगीताला एका पायावर उभे राहिले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट जेवणाआधीच घालून ठेवला आणि डाग पडेल म्हणून उभ्यानेच जेवले. त्यांचा मुलगा देशाच्या जर्सीत, आणि तेही त्याच गोलात, जिथे ते स्वतः क्लबसाठी उभे राहायचे. आणि मग शेवटच्या मिनिटांत तो लांबून आलेला, फारसा जोरही नसलेला बॉल. तू पडलास आणि तो तुझ्या हाताखालून आत गेला. मी इथे खालीच होते. वरचं स्टँड एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत कुणीतरी ओरडलं, "विकला गेला!" आवाज मी ओळखला. कोण ते तुला सांगणार नाही. त्याच्याकडूनच आपण पाव घेतो.

त्यापुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. पेपरवाल्यांनी तुला 'भिंत' म्हणायचं सोडून 'चाळण' म्हणायला घेतलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, त्यांनाही पोट आहे. पण मग तो हॉटेलातला सूटवाला निघाला. मॅचच्या आदल्या दिवशी गोलकीपर एका अनोळखी सूटवाल्याबरोबर कोपऱ्यात बसला होता म्हणे. अरे, तो सूटवाला म्हणजे तुझ्या बायकोचा मामा! तो सूट तुमच्या लग्नात त्याने घातला होता, त्याआधी स्वतःच्या लग्नात घातला होता, आणि जावळापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे तो तोच घालतो. मामाला चौकशीला बोलावलं, तर तो तिथेही तोच सूट घालून गेला. आणि एवढं सगळं करून महासंघाने निकाल काय दिला, तर 'पुराव्याअभावी कारवाई नाही'. 'निर्दोष' एवढा एक शब्द लिहायला यांची शाई आटली होती का? तुला संघातून काढलं ते काढलं, वर हे 'पुराव्याअभावी' तुझ्या गळ्यात अडकवून दिलं. ज्यात तो निकाल छापून आला तो पेपर मी तेव्हापासून घेत नाही. भाजी गुंडाळून आला तरी फेकून देते.

माझं गुलाबी प्रकरण तुला कुणीतरी सांगितलंच असेल, पण माझ्याकडून तू ऐकलेलं नाहीस. आपल्या लीगचा जुना नियम आहे ना, पाहुण्या संघाचे कपडे यजमान क्लबने धुवून, घड्या घालून परत द्यायचे. पूर्वी संघ परस्पर पुढच्या गावाला जायचे तेव्हाचा तो नियम. आता सगळ्यांकडे दोन-दोन जोड असतात, तरी कुणी तो मोडला नाही, आणि मोडू नये असंच मला वाटतं, माझी भाकरी त्यावर आहे. तर त्या मॅचनंतर त्याच रिवाजाने देशाच्या संघाचे कपडे माझ्याकडे आले. पोत्यातून सगळ्यात आधी मी तुझी पिवळी जर्सी शोधून काढली. मला शंका नव्हती रे. पण शंका नसणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत नुसता चिखल. कोपरापाशी शिवण उसवलेली. गवताचे डाग इतके खोल की साबण चोळून चोळून माझी बोटं दुखली. सोडून देणारा माणूस असा पडत नाही. सोडून देणारा बेताने पडतो, अंग सांभाळून. तू तर स्वतःला फेकून दिलं होतंस. मी ती जर्सी टबात घेऊन हाताने धूत बसले आणि इतकी रडले की मशीनमध्ये काय टाकतेय याचं भानच राहिलं नाही. देशाचे पांढरेशुभ्र कपडे आणि आपल्या क्लबचे लाल मोजे, सगळं एकत्र, गरम पाण्यात.

बाहेर काढलं तर अख्खा राष्ट्रीय संघ गुलाबी! दुसरा जोड कुठेतरी गोदामात अडकलेला. पुढची मॅच परदेशात, त्याच आठवड्यात. तसेच गेले. आणि जिंकले, अख्ख्या हंगामात पहिल्यांदाच. तू बाहेर बसलेला असताना जिंकले याचा मला किती राग आला म्हणून सांगू. महासंघाचं आधी खरमरीत पत्र आलं, देशाच्या इभ्रतीला वगैरे, आणि पाठोपाठ त्यांचा एक माणूस गुपचूप येऊन विचारून गेला की पुन्हा तोच रंग आणता येईल का, कोचना तो लाभलाय. मी कपाळाला हात लावला. आणला तोही, पण या खेपेला पट्टे पट्टे उठले. त्या मॅचमध्ये धुव्वा उडाला, पात्रता फेरीतून देश बाहेर गेला, आणि त्यालाही कारण मीच. म्हणजे या हंगामात देशाचं जे काही वाटोळं झालं ते आपल्याच घराने केलं, असा या गावाचा हिशोब आहे.

आणि काय वागली रे ही माणसं आपल्याशी! पाववाला माझ्याकडे न बघता पाव द्यायचा. केस कापायला गेलेल्या तुझ्या भाऊजींना तासभर बसवून ठेवलं आणि मग 'आज बंद' म्हणून सांगितलं. ज्या शाळेत तुझा फोटो लावला होता तिथे आता फळा पुसायचे नियम लावलेत. बाबांचं तर विचारू नकोस. चौकशी सुरू झाली तेव्हापासून ते मैदानावर आलेले नाहीत. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदानाचा एकच गोल दिसतो ना, तेवढाच ते बघतात. स्टूल घेऊन ओट्याला टेकून बसतात, मला भांडीसुद्धा घासू देत नाहीत. दुसऱ्या बाजूला काय चाललंय ते लोकांच्या ओरडण्यावरून ओळखायचं. तुझ्या त्या गोलाबद्दल माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. पण एकदा मी कामावरून लवकर घरी आले, तर सोफ्याच्या उशा जमिनीवर मांडून हे स्वतः आडवे पडले होते. या वयात! बॉलच्या जागी माझ्या लोकरीचा गुंडा. तो बॉल कसा उसळला आणि तुझा हात कुठे असायला हवा होता ते करून बघत होते. मी आरडाओरडा केला, त्यांना उठवलं, कमरेला शेक दिला. तर म्हणे, लोकर खाली पडली होती, ती उचलत होतो. तुम्ही दोघेही सारखेच. एक झोपायचं सोंग घेतो, दुसरा लोकर उचलायचं.

आणि आता गंमत बघ. परवाच्या मॅचनंतर गुणतक्ता लागला, रविवारच्या मॅचवर काय काय टांगलंय ते सगळ्यांना कळलं, आणि एका दिवसात मी या गावची लाडकी झाले. पाववाला म्हणतो, ताई, हे दोन जास्तीचे ठेवा, तुमच्या वडिलांना मऊ लागतात ना. तुझ्या भाऊजींचे केस दुकान उघडायच्या आधी कापून दिले आणि मानेला पावडरही लावली. मला आधी वाटलं, माणसांना पश्चात्ताप झाला. मी मूर्ख. मग चिटणीस घरी आले, मेहुण्याला घेऊन. तासभर इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, तुम्ही धाकट्याला दोन ओळी लिहा. फोनवर नको, कुणी ऐकेल. फार काही नाही, एकच गोल. त्याच्या क्लबने तीन वर्षं विजेतेपद घेतलंय, यंदा नाही घेतलं तर काय बिघडतं? आपलं मात्र घर उठेल. आणि वर म्हणतात, त्याला काय, सवय आहे.

बाळ्या, मी तेव्हा हातात किटली घेऊन उभी होते. ती मी खाली ठेवली, एवढंच सांगते. जी माणसं अर्धा हंगाम तू विकला गेलास म्हणून आपल्याला वाळीत टाकून बसली होती, तीच आता तुला विकत घ्यायला आली होती, आणि किंमत काय, तर दोन मऊ पाव आणि मानेला पावडर! तुझे भाऊजी नेहमीसारखे मूग गिळून बसलेले. या माणसाला मत म्हणून काही आहे की नाही असं मला लग्नापासून वाटत आलंय. त्यांना घालवून द्यायला म्हणून मी कबूल केलं, बरं, लिहिते. काय लिहीन ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मग चिटणीस जाता जाता बाबांकडे वळले. तुम्हीही दोन शब्द घाला की पत्रात, बापाचं ऐकेल तो. बाबा खिडकीपाशी पाठमोरे बसले होते. इतके महिने जे बोलले नव्हते ते वळून, शांतपणे बोलले, "त्याला लिही, टॉस जिंकलात तर पहिला हाफ या बाजूच्या गोलात उभा राहा म्हणावं. मला त्याला बघायचंय." मेहुण्याला वाटलं, ही काहीतरी युक्ती आहे. तो खूश होऊन मान डोलवायला लागला. मी तुला म्हटलं ना, त्याला ऑफसाइडही कळत नाही.

चिटणीस गेल्यावर तुझे भाऊजी उठले, बस धुवायला म्हणून बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले की शाळेच्या बसला माणूस हवा आहे, त्यांनी मागच्या आठवड्यातच विचारून ठेवलंय. मला न सांगता! मी आधी भांडले, मग रडले, मग पुन्हा भांडले. तर आमची चिंता तू करायची नाही, हे पहिलं. मीही धुणंच धुते, ते कुठेही धुता येतं, माणसं सगळीकडे कपडे मळवतात. आपल्या कॅप्टनने खरोखर गोल मारला तर मी इथून धावत वर येऊन सगळ्यात मोठ्याने ओरडणार आहे, तुझ्या तोंडावर ओरडणार आहे, आणि तू वाईट वाटून घ्यायचं नाहीस. पण तो त्याने मारलेला असला पाहिजे. तू दिलेला नको. तू एकदा दिलास की त्या 'पुराव्याअभावी'ला पुरावा मिळाला. मग बाबांनी जमिनीवर पडून शोधलेलं, मामाने सूट घालून सांगितलेलं, सगळं खोटं ठरेल. हे गाव तर पहिलं म्हणेल, बघा, आम्ही म्हणतच होतो. आणि पुन्हा पाववाला माझ्याकडे न बघता पाव देईल.

चिटणीस फोडतील ही शंका आहेच, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती न देता तुझे भाऊजी गुपचूप पुढच्या गावच्या पेटीत टाकणार आहेत, तेव्हाच एवढं मोकळं लिहिलं. आता ज्यासाठी लिहिलं ते. रविवारी मॅच संपली की नियमाप्रमाणे तुमच्या क्लबचे कपडे माझ्याकडे येतील. पोत्यातून सगळ्यात आधी मी तुझी जर्सी काढणार. ती चिखलाने माखलेली असू दे, उसवलेली असू दे, पार फाटलेली असू दे. मी ती हाताने धुईन, शिवून देईन, आणि तू घरी येऊन जेवून जाशील, मग आम्ही खालच्या गटात का असेना. आणि ती जर कोरडी, स्वच्छ आली, तर बाळ्या, मी ती धुणार नाही. तशीच घडी घालून तुमच्या पोत्यात ठेवीन.

तुझीच, तू झोपलेला नाहीस हे पक्कं माहीत असलेली,
ताई